निराळ्या ॲम्प्लिफायरचा दावा

संगणकाला हेडफोन जोडून गाणे ऐकणाराने मध्ये एक निराळा ॲम्प्लिफायर घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराच्या गल्ल्यावरचा आहे. टीकालेखांच्या पानांत त्याला जागा कशी मिळाली, असे एखादा वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आज जुने गाणे ऐकण्याचा बहुतेकांचा मार्ग संगणकाच्या कडेला असलेल्या त्या एका बारीक भोकातून जातो. मैफल संपली, गायक गेले, तबकडी घासून पांढरी पडली. उरले ते संगणकातील ध्वनिमुद्रण आणि कानावर बसविलेली दोन लहान पडदी. या दोहोंमध्ये काय असावे याविषयी जर लोक भलतेच समज बाळगून असतील, तर ते गाण्याविषयीही भलतेच समज करून घेतील. तसे ते करून घेत आहेत, असे आमचे निरीक्षण आहे.

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला तर हा प्रश्न विशेष जवळचा. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. सुरसागराच्या काठी तीच परंपरा आज महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या छायेत नांदते आहे. अब्दुल करीम खाँ तरुणपणी याच दरबारात होते. सरदार मान्यांच्या घरातील ताराबाईंसह त्यांनी हे शहर सोडले, त्यांच्या कन्या हिराबाई जन्मल्या मिरजेस, तरी 'बडोदेकर' हे नाव त्यांनी जन्मभर मिरविले. पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती १९१६ साली बडोद्यातच. आणि फैयाज खाँ! आग्रा घराण्याचा तो आफताब या दरबारचा गवई म्हणून गाजला आणि १९५० साली याच शहरात पैगंबरवासी झाला. श्रीकृष्ण रातंजनकर त्यांच्यापाशी शिकले. रातंजनकरांपाशी पुढे कृष्णराव गिंडे आणि दिनकर कायकिणी यांच्यासारखी कोकणी घरांतील मुले शिकली. म्हणजे आमच्या कोकणी वाचकांचाही या वारशावर आमच्याइतकाच हक्क आहे.

हा वारसा आज कानी पडतो तो कसा? फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्या कलकत्त्याच्या हिंदुस्थान कंपनीने काढल्या. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे, त्यात नट बिहाग, त्यात जयजयवंती. याखेरीज आकाशवाणीवरील काही दीर्घ ध्वनिमुद्रणे. जो तरुण आज आग्रा घराण्याचा नोमतोम समजून घेऊ इच्छितो, तो रात्री घरातील माणसे निजल्यावर संगणकापुढे बसतो आणि कानाला हेडफोन लावतो. पहिल्याच क्षणी त्याची निराशा होते. ज्या आवाजाची एवढी कीर्ती ऐकली तो आवाज खरखरीच्या पडद्याआडून, कोणी भिंतीपलीकडे गात असावे तसा येतो. तो चौकशी करू लागतो. त्यास सल्ला मिळतो की, दोष गाण्याचा नाही, तबकडीचाही नाही. संगणकाचे भोक 'कमजोर' आहे, निराळा ॲम्प्लिफायर घ्या, मग पाहा खाँसाहेब कसे समोर येऊन बसतात. असा सल्ला आम्हांसही एका दुकानात मिळाला आहे. दुकानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण हा सल्ला एका दुकानाचा नसून एका अख्ख्या बाजाराचा आहे.

आमचा व्यवसाय वकिलीचा. कोणी दावा मांडला की तो कोणी सिद्ध करावयाचा, हे पाहण्याची आम्हांस खोड आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, पूर्वीचे १०१ आता १०४ झाले. परंतु तत्त्व बदलले नाही. जो एखादी गोष्ट आहे असे म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करावी. हेडफोनच्या बाजारात मात्र हे तत्त्व नेमके उलटे चालते. ॲम्प्लिफायर विकणारा म्हणतो, "फरक पडतो". आणि ग्राहकाला तो ऐकू न आला तर ग्राहकाच्याच कानांवर ठपका येतो. असा दावा कोणतेही न्यायासन क्षणभर उभा राहू देणार नाही.

आता प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. संगणकात ॲम्प्लिफायर नसतो आणि तो बाहेरून आणावा लागतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. संगणकात साठविलेले गाणे म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब माळ. त्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारी एक योजना संगणकाच्या पोटात असते. तिला बाजारात 'डॅक' म्हणतात. त्या लहरीला हेडफोनची पडदी हलविण्याइतके बळ देणारी दुसरी योजना, म्हणजेच ॲम्प्लिफायर, तिच्याच शेजारी असते. पुष्कळदा दोन्ही एकाच नखाएवढ्या तुकड्यात असतात. तेव्हा प्रश्न 'ॲम्प्लिफायर हवा काय' असा नसून 'असलेला पुरत नाही काय' असा आहे. प्रश्न असा नीट मांडला की अर्धे काम होते. कोर्टातही मुद्दे नीट निघाले की पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

पुरतो की नाही, हे कशावर ठरते? दोन आकड्यांवर, आणि ते दोन्ही हेडफोनच्या डब्यावर छापलेले असतात. पहिला आकडा ओहमांचा. विजेच्या प्रवाहाला हेडफोन किती अडथळा करतो याचे ते माप असून त्यास इम्पीडन्स म्हणतात. दुसरा आकडा डेसिबलांचा; एक मिलिवॅट शक्ती दिली असता हेडफोन किती मोठा आवाज काढतो हे तो सांगतो. बाजारातील बोलणी सगळी पहिल्या आकड्याभोवती फिरतात. "तीनशे ओहमांचा आहे, म्हणजे ॲम्प्लिफायर लागणारच," असे लोक छातीठोकपणे सांगतात. पण नुसत्या ओहमांवरून निकाल देणे म्हणजे फक्त फिर्याद वाचून निकाल देणे होय.

एक हिशेब करून पाहू. हेडफोन तीनशे ओहमांचा आहे आणि एका मिलिवॅटला तो ९७ डेसिबल आवाज काढतो, असे धरा. संगणकाच्या भोकातून एक व्होल्ट मिळतो, असे समजा. कित्येक लॅपटॉपांतून याहून अधिक मिळतो, काहींतून कमी. एक व्होल्टाने तीनशे ओहमांत सव्वातीन मिलिवॅटहून किंचित अधिक शक्ती जाते, आणि आवाजाची शीग १०२ डेसिबलांच्या आसपास पोचते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला आठवड्यास चाळीस तासांसाठी जी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे ती ८० डेसिबलांची. गाण्यातील शीग सरासरीच्या बरीच वर जाते हे खरे. तरी ८० च्या सरासरीवर बावीस डेसिबलांची मोकळीक कोणत्याही ख्यालास पुरून उरावी. म्हणजे ज्या 'तीनशे ओहमां'चा एवढा बाऊ केला जातो, तो हेडफोनही साध्या संगणकावर बहुधा भरपूर वाजतो. ॲपलने तर २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रो संगणकांत जोडलेल्या हेडफोनचा इम्पीडन्स ओळखून, तो १५० ओहमांवर असेल तर तीन व्होल्टपर्यंत विद्युत्दाब देण्याची सोयच करून ठेवली आहे.

उलट बाजूचा दाखला पाहा. हायफायमॅन कंपनीचा एचई-६ हा हेडफोन अवघ्या पन्नास ओहमांचा. नुसते ओहम पाहणारा म्हणेल, हा कोणत्याही संगणकावर चालेल. पण त्याचा दुसरा आकडा आहे साडेत्र्याऐंशी. ११० डेसिबलांच्या शिगेस पोचविण्यासाठी त्याला साडेचारशे मिलिवॅटच्या जवळपास शक्ती लागते. पावणेपाच व्होल्ट आणि जवळजवळ शंभर मिलिॲम्पियर प्रवाह. हे कोणत्याही लॅपटॉपच्या आवाक्याबाहेरचे आहे. येथे निराळा ॲम्प्लिफायर हवा म्हणजे हवाच. वाद करण्यास जागाच नाही.

जुन्या हेडफोनांचे ओहम एवढे मोठे का असत, यालाही इतिहास आहे. १९६८ साली निघालेला सेन्हायझरचा एचडी ४१४ हा दोन हजार ओहमांचा होता, कारण तो घरातील मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडावयाचा असे. तेव्हाची ती सोय आज प्रतिष्ठेची खूण होऊन बसली आहे.

मोठेपणाच्या प्रश्नाहून एक सूक्ष्म प्रश्न आहे, आणि ॲम्प्लिफायरवाल्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडण्यासारखा तो एकच मुद्दा आम्हांस दिसतो. संगणकाच्या भोकालाही स्वतःचा इम्पीडन्स असतो. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. असे का? हेडफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना सारखा नसतो. समजा, एक हेडफोन बत्तीस ओहमांचा आहे, पण खर्जाच्या एका पट्टीत त्याचा इम्पीडन्स चौसष्टपर्यंत चढतो. भोकाचा इम्पीडन्स एक ओहम असेल तर त्या पट्टीत पडणारा फरक एका डेसिबलाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. कोणासही न जाणवणारा. पण भोकाचाच इम्पीडन्स बत्तीस असेल तर तीच पट्टी अडीच डेसिबलांनी फुगते. अडीच डेसिबल कानाला कळतात. फैयाज खाँसारख्या ढाल्या, खर्जात भरलेल्या आवाजाचा तोल याने बिघडतो. आवाज अधिक घुमतो, आणि मौज अशी की पुष्कळांना तो घुमार आवडतो. या दुखण्यावर निराळा ॲम्प्लिफायर हा उपाय खरा. पण एक ओहमाच्या आसपास इम्पीडन्स असलेले बोटाएवढे यूएसबी डॅकही तेच काम करते, आणि त्याची किंमत एका बऱ्या जेवणाएवढी असते.

तसाच दुसरा मुद्दा गुणगुणाटाचा. संगणकाच्या पोटात पंखे फिरत असतात, विजेची उलथापालथ चाललेली असते. काही यंत्रांत ती भोकापर्यंत पोचते. गाणे थांबविले तरी कानांत बारीक सळसळ ऐकू येते, उंदीर हलविला की किरकिर होते. हा दोष खरा आहे. परंतु त्या भोकालाच ॲम्प्लिफायर जोडणारा गृहस्थ गाण्याबरोबर ती किरकिरही मोठी करून ऐकतो. येथे उपाय आकड्यांची लहर संगणकाबाहेर बनविण्याचा, म्हणजे बाहेरच्या डॅकचा आहे. बाजारात डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच डबीत मिळतात. सुधारणा झाली ती पहिल्यामुळे, आणि श्रेय घेतो दुसरा. कूळ बदलले म्हणून पीक चांगले आले, की त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून, असा हा वाद आहे.

आता खाँसाहेबांकडे परत येऊ. आमच्या मते खरा विषय तोच आहे.

विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाले. त्यापूर्वीच्या कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकड्यांत वरचे स्वर दोन-अडीच हजार कंपनांच्या पुढे फारसे उतरतच नसत. विजेच्या पद्धतीने ती मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली. सारंगीचा तजेला, तानपुऱ्याच्या जवारीतील वरचे झंकार, तबल्याच्या किनारीचा टणत्कार, यांतील बराच भाग या मर्यादेच्या पलीकडे राहतो. तो तबकडीत कधी शिरलाच नाही. जे शिरलेच नाही ते कोणता ॲम्प्लिफायर बाहेर काढणार? जे शिरले त्यात लाखेच्या पृष्ठभागाची खरखर मिसळलेली आहे. ॲम्प्लिफायर दोहोंना सारखेच मोठे करतो. निवड करण्याचे ज्ञान त्याच्यापाशी नाही.

येथे आमच्या व्यवसायातील एक अनुभव सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाही. हल्ली प्रत्येक तिसऱ्या दाव्यात कोणी ना कोणी दूरध्वनीवर मुद्रित केलेले संभाषण घेऊन येतो. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली असे मुद्रण ग्राह्य धरले. आणि १९८५ साली रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या खटल्यात त्यासाठी कसोट्या घालून दिल्या. त्यांपैकी एक अशी की, बोलणाराचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे, इतर आवाजांत तो हरवलेला अथवा विकृत झालेला असता कामा नये. पक्षकाराची हौस अशी की, मुद्रण जरा मोठ्याने लावा म्हणजे साहेबांना कळेल. मोठ्याने लावल्यावर साहेबांना छताचा पंखाही मोठ्याने ऐकू येतो! शब्द आणि पंखा यांच्यातील अंतर मुद्रणाच्या क्षणी ठरून गेलेले असते. पुढे ते नुसत्या शक्तीने वाढत नाही. सुरसागरासमोरील जुन्या न्यायमंदिरातून कोर्टे २०१८ साली नव्या इमारतीत गेली, पंखे नवे आले. पण हा नियम तोच राहिला.

तबकडीचेही तसेच आहे. तिचे नशीब दोनदा ठरले: एकदा गाताना, आणि एकदा तिची संगणकीय प्रत करताना. पहिल्यावर आता कोणाचा इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष नाही, हीच आमची खरी तक्रार आहे.

प्रत करणाराने तबकडी कोणत्या वेगाने फिरविली? मिनिटास ७८ फेऱ्यांची तबकडी ८२ च्या वेगाने फिरली तर गाणे जवळजवळ एका पट्टीने चढते. पांढरी एकमध्ये गाणारा गवई काळी एकच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. आवाजाचा पोत पातळ होतो, तानांची लय ओढल्यासारखी होते, आणि ऐकणारा तरुण म्हणतो, "लोक म्हणतात तितका काही ढाला आवाज नाही." निकाल चुकला तो प्रत करणाराच्या हातून, शिक्षा झाली गवयाला. दुसरी गोष्ट स्वरांच्या तोलाची. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वाजविताना तो पुन्हा भरून काढतात. यासाठी आज सर्वत्र चालणारे प्रमाण १९५४ साली ठरले. त्यापूर्वीच्या तबकड्या निरनिराळ्या मापांनी कोरलेल्या. त्या आजच्या मापाने वाजविल्या की तोल ढळतो. तिसरी गोष्ट, या तबकड्या एकमार्गी. त्या दुमार्गी सुईने वाजवून दोन्ही मार्ग तसेच ठेवले, तर डाव्या कानात एक खरखर आणि उजव्या कानात दुसरी. ध्वनिवर्धकावर हे फारसे जाणवत नाही, हेडफोनवर मात्र डोके भणभणते. दोन्ही मार्ग एकत्र केले की खरखरीचा मोठा हिस्सा आपोआप परस्परांस मारून टाकतो. हे काम संगणकातील फुकट मिळणारी साधी आज्ञावली अर्ध्या मिनिटात करते. चौथी गोष्ट सर्वांत दुःखाची: खरखर काढण्याच्या भरात कित्येक प्रतींतून तानपुराही धुऊन काढलेला असतो. गवई पोकळीत गातो. आम्हांस तर अशा 'स्वच्छ' प्रतीपेक्षा खरखरीची प्रत शतपटीने बरी वाटते. खरखरीतून मन वाट काढते, पण पुसून टाकलेला षड्ज मनाला निर्माण करता येत नाही.

यांपैकी एकही दोष ॲम्प्लिफायरने दूर होत नाही. जो तरुण ॲम्प्लिफायरसाठी पैसे साठवीत बसला, तो या चार दोषांचा विचार करावयाचाच राहून जातो. दोष यंत्रात आहे असे ठरल्यावर गाण्याकडे नीट लक्ष देण्याचे कारणच उरत नाही. यंत्र आल्यावर ऐकू, असे तो म्हणतो. असे 'यंत्र आल्यावर' ऐकणारे कित्येक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांची यंत्रे येत राहिली आहेत.

"पण आम्हांला फरक ऐकू येतो," असे म्हणणाऱ्यांचे काय? त्यांना खोटे ठरविण्याची आमची इच्छा नाही. साक्षीदार प्रामाणिक असू शकतो आणि तरीही चुकीचे सांगू शकतो. उलटतपासणीची पद्धत याचसाठी निघाली. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असता कानाला खर्ज प्रमाणाहून कमी ऐकू येतो. आवाज वाढविला की तो भरून येतो. नवा ॲम्प्लिफायर जोडला की गाणे थोडे मोठे वाजते, खर्ज भरल्यासारखा वाटतो, आणि मालक म्हणतो, काय हा फरक! फरक आहेच, पण तो आवाजाच्या मोठेपणाचा, आणि तेवढे संगणकावरची पट्टी सरकवूनही साधले असते.

तेव्हा उलटतपासणी अशी घ्यावी. दोन्ही मार्गांतून येणारा विद्युत्दाब, हेडफोन जोडलेला असताना, मीटरने मोजून अगदी सारखा करावा. एक टक्क्याचाही फरक नको. मग एखाद्या मित्राने, ऐकणाराला न कळू देता, कधी हा मार्ग कधी तो लावावा, आणि ऐकणाराने ओळखावे. वीस वेळा विचारले असता नाणे उडवूनही दहा वेळा बरोबर येतेच. पंधरा किंवा अधिक वेळा बरोबर आले, तर मात्र ते नुसत्या दैवाने घडण्याचा संभव शंभरांत दोन एवढाच. मग साक्ष मानावी. अमेरिकेतील 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकाने १९८७ साली ॲम्प्लिफायरांची अशी परीक्षा घेतली होती. ते ॲम्प्लिफायर खोलीतील ध्वनिवर्धकांसाठी होते, हेडफोनसाठी नव्हे, हे सांगितले पाहिजे. तरी स्वस्तापासून अतिमहागापर्यंतचे ते ॲम्प्लिफायर श्रोत्यांना खात्रीने ओळखता आले नाहीत. आणखी एक दाखला आम्हांस फार आवडतो. २०११ साली एका निनावी अभियंत्याने 'ऑब्जेक्टिव्ह टू' नावाचा हेडफोन ॲम्प्लिफायर रचला, त्याचा आराखडा आणि मोजमापे सर्वांसाठी खुली केली, आणि थोड्याच काळात तो गृहस्थ गप्प झाला. आजवर तो पिंजऱ्यात उभा राहिलेला नाही. पण त्याने मागे ठेवलेली कागदपत्रे कोणीही तपासून पाहावीत अशी आहेत. नाव मोठे आणि कागद कोरा, अशा बाजारात हा अपवादच म्हणावयाचा.

एक गोष्ट मात्र ॲम्प्लिफायरच्या बाजूने नोंदवून ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, आणि ती नेमकी जुन्या गाण्यालाच लागू पडते. संग्रहासाठी काळजीपूर्वक केलेल्या प्रती पुष्कळदा मुद्दाम हलक्या आवाजात ठेवलेल्या असतात, एखादी मोठी टकटक आली तर मुद्रण फाटू नये म्हणून. अशी प्रत वीस डेसिबलांनी खाली असेल, तर वर हिशेब केलेला तीनशे ओहमांचा हेडफोन १०२ ऐवजी ८२ वरच थांबतो. एवढी जर शीग, तर मंद्रातील आलाप कुजबुजीएवढाच ऐकू येणार. पट्टी शेवटपर्यंत सरकविली तरी पुरत नाही, आणि श्रोता म्हणतो की ॲम्प्लिफायरशिवाय गत्यंतर नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही त्याने प्रथम संगणकातच त्या मुद्रणाची पातळी वाढवून पाहावी. वर मोकळी जागा असतेच, ती भरली की बहुधा काम भागते. भागले नाही, तर खुशाल ॲम्प्लिफायर घ्यावा. त्याचा दावा सिद्ध झाला असे आम्ही समजू.

केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून तारामंडळाच्या दिशेने धाडली गेली. गोमंतकातील केरी गावच्या या बाईंचा साडेतीन मिनिटांचा आवाज सोबतच्या सुईने कसा वाजवावा, किती वेगाने फिरवावा, याचे चित्र त्या तबकडीच्या वेष्टनावर कोरलेले आहे. परग्रहावरील श्रोत्यास वेग सांगितला. बडोद्यातल्या आणि मडगावातल्या श्रोत्यास तो कोणी सांगत नाही. फैयाज खाँचा नट बिहाग आज संगणकावर अनेक प्रतींत सापडतो. वाचकांनी त्यांपैकी दोन-तीन प्रती जवळ ठेवून, हार्मोनियमवर षड्ज धरून, त्या एकाच पट्टीत आहेत की नाहीत हे पाहावे. हेडफोन कोणताही चालेल. त्या जुळत नाहीत असे आढळले, तर कोणती प्रत किती चढली वा उतरली हे आम्हांस अवश्य लिहून कळवावे.